पाश्चात्त्य देशांत आजही व्यवस्थागत वंशभेद आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत ‘सिस्टेमिक रेसिझम’ हे शब्द मराठी घरांतही येऊन पोचले. अमेरिकेत एडिसनला किंवा ब्रिटनमध्ये लेस्टरला राहणारी भाचरं एक बोलत होती, पुण्या-नाशकातले मामा-काका दुसरंच. तो वाद अजून मिटलेला नाही. त्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

‘सिस्टेमिक रेसिझम’ म्हणजे नेमकं काय?

मराठीत रेसिझमला आपण सहसा ‘वर्णद्वेष’ म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. शब्दातच द्वेष आहे, त्यामुळे वाचणारा आधी द्वेष करणारा माणूस शोधतो. तो सापडला नाही की विचारतो, ‘मग वर्णद्वेष आहे कुठे?’ म्हणून मी इथे ‘वंशभेद’ म्हणते आहे. नियम, कागदपत्रं, यंत्रं, कचेरीतल्या सवयी यांच्या रोजच्या कामातून एखाद्या वंशाच्या लोकांच्या वाट्याला सातत्याने कमी येत असेल, तर तो व्यवस्थागत वंशभेद. ते काम करणारी माणसं मनाने कशी आहेत, हा वेगळा प्रश्न.

ही फोड १९६७ साली स्टोकली कारमायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी केली. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं उदाहरण त्यांनी घेतलं. चर्चमध्ये बॉम्ब ठेवून कृष्णवर्णीय मुलांना मारणं हा व्यक्तींनी केलेला वंशभेद, तो सगळ्यांना दिसतो आणि सगळे त्याचा निषेध करतात. त्याच शहरात अन्न, निवारा आणि औषधोपचारांअभावी दरवर्षी शेकडो कृष्णवर्णीय बाळं दगावतात, तेव्हा बोट कुणाकडे दाखवायचं? त्याला त्यांनी ‘संस्थात्मक’ म्हटलं.

हा शब्द सरकारी अहवालात ठळकपणे आला तो ब्रिटनमध्ये. २२ एप्रिल १९९३च्या रात्री लंडनच्या एल्टम भागात बसची वाट पाहणाऱ्या १८ वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून मारलं. पोलीस आले, पण स्टीफनसोबत असलेल्या त्याच्या कृष्णवर्णीय मित्राकडेच त्यांनी संशयाने पाहिलं. आईवडिलांनी संशयितांची नावं दिली, तरी अटक व्हायला दोन आठवडे लागले. निवृत्त न्यायाधीश विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये आला. लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशभेद आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मॅकफर्सन यांची व्याख्या आजही वापरली जाते. तिचा मथितार्थ असा : रंग, संस्कृती किंवा मूळ यामुळे लोकांना योग्य सेवा देण्यात संपूर्ण संस्थेचं अपयश, मग ते नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहातून असो, अज्ञानातून असो की बेफिकिरीतून. ‘नकळत’ या शब्दावर माझा फार भर आहे. स्टीफनच्या दोन मारेकऱ्यांना शिक्षा झाली ती जानेवारी २०१२ मध्ये, १८ वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर.

भेदभाव करणारे कायदे १९६०च्या दशकातच संपले. मग आता कसली व्यवस्था?

अमेरिकेत नागरी हक्क कायदा १९६४चा, मतदान हक्काचा १९६५चा, घरांबाबतचा १९६८चा. कायदा बदलला हे खरंच. पण घर ही अशी वस्तू आहे की तिचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालतो. वडिलांनी १९७०च्या दशकात डोंबिवलीत ब्लॉक घेतला त्या मुलाची आजची स्थिती आणि भाड्याच्या खोलीत वाढलेल्या मुलाची स्थिती यांतला फरक मराठी माणसाला वेगळा समजवावा लागत नाही.

१९३३ साली अमेरिकी सरकारने गृहकर्जं वाचवण्यासाठी एक महामंडळ काढलं. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले आणि वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा, लाल असे रंग दिले. लाल म्हणजे धोक्याची वस्ती. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या बहुतेक वस्त्या लाल पडल्या. १९३४ मध्ये आलेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने बँकांच्या कर्जांना विम्याची हमी द्यायला सुरुवात केली. अशी हमी असली की थोडी रक्कम भरून लांब मुदतीचं कर्ज मिळे. या प्रशासनाच्या नियमावलीत मिश्र वस्ती हा दोष मानला होता. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लॉंग आयलंडवर उभं राहिलेलं लेविटाउन याच हमीच्या जोरावर उभं राहिलं. तिथल्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कुणालाही घर वापरायला देऊ नये, असं कलम होतं. युद्धातून परतलेला गोरा सैनिक सुमारे आठ हजार डॉलरचं घर घेऊ शकला. त्याच्याच बरोबरीने लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला त्या गल्लीत राहता येत नव्हतं.

या घरांच्या किमती पुढे कैकपटींनी वाढल्या. त्यांतून मुलांची कॉलेजं झाली, धंदे उभे राहिले, वारसा मिळाला. अमेरिकी फेडरल रिझर्व्हच्या २०२२च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. त्यात भर म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. वस्तीतली घरं स्वस्त, तर शाळेची तिजोरीही हलकी. आज त्या शाळेत कुणी कुणाचा द्वेष करत नसला तरी.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण चळवळीतले लोक ती सहसा गाळतात. अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी हे नकाशे पुन्हा तपासले. लाल वस्त्यांमधले बहुसंख्य घरमालक गोरेच होते, आणि ज्या महामंडळाने नकाशे केले त्याने स्वतः कृष्णवर्णीयांनाही कर्जं दिली होती. मोठं नुकसान केलं ते विमा देणाऱ्या प्रशासनाच्या धोरणाने. म्हणजे नकाशाचा तो प्रसिद्ध फोटो दाखवून सगळं सिद्ध झालं असं मानू नये.

हेतूच नसेल तर त्याला वंशभेद म्हणायचं कसं?

वादाचं मर्म हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

उत्तर कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर हे वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातली सर्वांत वरची मजुरी इतर विभागांतल्या सर्वांत खालच्या पगाराहूनही कमी होती. नागरी हक्क कायद्याची रोजगाराची कलमं २ जुलै १९६५ रोजी लागू झाली. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने नवा नियम आणला : चांगल्या विभागांत जायचं तर हायस्कूल पास हवं आणि दोन लेखी चाचण्या पार करायला हव्यात. नियमात वंशाचा उल्लेखही नव्हता. पण वंशानुसार वेगळ्या ठेवलेल्या आणि हलक्या शाळांत शिकलेल्या त्या राज्यातल्या कृष्णवर्णीयांपैकी फार थोडे हायस्कूल पास होते. आधीपासून त्या विभागांत असलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार मात्र काम व्यवस्थित करत होते, म्हणजे त्या कामाला ती अट लागतच नव्हती. विली ग्रिग्स आणि त्याचे सहकारी कोर्टात गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : परिणाम भेदभावाचा असेल आणि कामाशी त्या अटीचा संबंध दाखवता येत नसेल, तर हेतू सिद्ध झाला नाही तरी ती अट बेकायदा.

ही कसोटी मला न्याय्य वाटते. अट रद्द करा असं ती सरसकट म्हणत नाही. अट खरोखर कामाची आहे हे दाखवा, एवढंच मागते.

हेतू नसलेली दोन ताजी उदाहरणं आरोग्य क्षेत्रातली आहेत. कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यायची हे ठरवणारं एक सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या रुग्णालयांत सर्रास वापरात होतं. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघडून पाहिलं. त्यात वंशाची नोंदच नव्हती. रुग्ण किती आजारी आहे हे ते त्याच्यावर आधी झालेल्या खर्चावरून ताडत होतं. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत आला होता, म्हणून यंत्राच्या लेखी ते अधिक निरोगी ठरत होते. मोजमाप सुधारलं, तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचा वाटा सुमारे १८ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेला असता.

दुसरं उदाहरण आपल्या घरात आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी ऑक्सिमीटर आणले आणि ९४च्या खाली आकडा गेला की काळजाचा ठोका चुकत होता. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की हे यंत्र आकडा ठीक दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायकपणे कमी असण्याचा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाशाच्या मापनात अडथळा आणतं आणि चाचण्या मुख्यतः उजळ त्वचेवर झाल्या होत्या. यात खलनायक नाही. रुग्णाला खाट नाकारली जाते, ते मात्र खरं असतं.

तफावत दिसली की भेदभाव सिद्ध झाला, असं आहे का?

नाही. अर्थशास्त्रज्ञ थॉमस सोवेल, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि हार्लेममध्ये वाढले, ते हे अनेक दशकं सांगत आले आहेत. समूहांची सरासरी वयं वेगळी असतात, राहण्याची ठिकाणं, कौशल्यं, कुटुंबरचना वेगळी असते. सगळीकडे सारखे निकाल लागावेत ही अपेक्षाच चुकीची, असं त्यांचं म्हणणं. या मुद्द्याला उत्तर न देता ‘तुम्ही वंशवादी’ म्हणून पुढे जाणारे लोक आपल्याच बाजूचं नुकसान करतात.

पण मग ‘हे सगळं गरिबीमुळे आहे, रंगामुळे नाही’ हेही तितक्याच कडकपणे तपासायला हवं. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुमारे दोन कोटी अमेरिकी मुलांच्या नोंदी तपासल्या. आईवडिलांचं उत्पन्न सारखं असूनही कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात, आणि हे देशातल्या ९९ टक्के वस्त्यांत दिसलं. मुलींमध्ये मात्र ही तफावत जवळजवळ नव्हती. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतो. केवळ वर्ग कारण असता तर मुलग्यांत फरक उरला नसता. केवळ रंग कारण असता तर मुलींतही तो दिसला असता. पोलीस, तुरुंग, शाळेतली शिस्त यांचा मुलग्यांशी येणारा संबंध वेगळा आहे, असं एक उत्तर सुचतं, आणि मला ते पटतं. पण त्या अभ्यासाने ते सिद्ध केलेलं नाही.

मग ठोस पुरावा कशाला म्हणायचं?

एकच अर्ज दोन नावांनी पाठवणं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकऱ्यांसाठी सुमारे ५,००० अर्ज पाठवले. एमिली, ग्रेग अशा गोऱ्यांत रूढ नावांना लकीशा, जमाल अशा कृष्णवर्णीयांत रूढ नावांपेक्षा ५० टक्के अधिक फोन आले. आक्षेप आला की ही नावं वंशासोबत वर्गही सांगतात. आक्षेप रास्त होता. मग त्याहून कितीतरी मोठा प्रयोग झाला : १०८ बड्या कंपन्यांना ८३,००० अर्ज. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत फरक बराच लहान निघाला, सुमारे दोन टक्केबिंदूंचा, म्हणजे शंभर अर्जांमागे सुमारे दोन उत्तरांचा. पण तो सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. जवळपास निम्मा भेदभाव फक्त एक पंचमांश कंपन्यांत साठलेला होता. भरती एका मध्यवर्ती विभागाकडून होते तिथे तो कमी होता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून कुठे हात घालायचा ते कळतं.

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की अल्पसंख्याक वंशाच्या उमेदवाराला तेवढीच उत्तरं मिळवायला ६० टक्के अधिक अर्ज पाठवावे लागतात. त्यात दक्षिण आशियाई नावंही होती.

पोलिसांच्या गोळीबारात भेदभाव नाही, असं एका कृष्णवर्णीय प्राध्यापकानेच दाखवलं ना?

अर्धं खरं. हार्वर्डचे रोलंड फ्रायर यांच्या २०१६च्या अभ्यासात गोळीबाराबाबत वांशिक फरक आढळला नाही. त्याच अभ्यासात, धक्काबुक्की, बेड्या, भिंतीला टेकवणं अशा बळाचा वापर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांवर ५० टक्क्यांहून अधिक आढळला. फॉरवर्डमध्ये पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही. शिवाय टीकाकारांचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे : ही आकडेवारी पोलिसांशी गाठ पडलेल्यांचीच आहे. मुळात थांबवतानाच भेद होत असेल, तर तो यात दिसणार नाही.

ब्रिटनच्या सरकारी आयोगानेच ‘नाही’ म्हटलं आहे.

त्या आयोगाचे अध्यक्ष टोनी स्यूएल, वर आलेले थॉमस सोवेल नव्हेत. नावात गल्लत होते म्हणून सांगितलं. त्यांच्या आयोगाचा अहवाल ३१ मार्च २०२१ रोजी आला आणि आयोगात एक सोडून सगळे सदस्य अल्पसंख्याक वंशांचे होते. व्यवस्था अल्पसंख्याकांच्या विरोधात जाणूनबुजून रचलेली आहे असा ब्रिटन आता दिसत नाही, असं त्यात म्हटलं. शाळेत भारतीय आणि चिनी वंशाची मुलं गोऱ्या मुलांच्या पुढे आहेत आणि गरीब गोरी मुलं फार मागे आहेत, हे त्यातले मुद्दे खरे आहेत. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द पुन्हा वाचा. मॅकफर्सन यांनी आरोप केला होता तो ‘नकळत’चा. न केलेल्या आरोपाला आयोगाने उत्तर दिलं.

दोनच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, लंडन पोलिसांची तपासणी करणाऱ्या लुईस केसी यांनी तिथे संस्थात्मक वंशभेद आहे असं पुन्हा लिहिलं. आयुक्त मार्क राउली यांनी निष्कर्ष मान्य केले, पण तो शब्द वापरायला नकार दिला. स्टीफनच्या अहवालाला तेव्हा २४ वर्षं झाली होती.

वंशाची नोंदच ठेवली नाही, तर भेद आपोआप संपणार नाही का?

फ्रान्सने हाच मार्ग धरला आहे. १९५८च्या राज्यघटनेचं पहिलंच कलम मूळ, वंश, धर्म असा भेद न करता समानता देतं आणि सरकार जनगणनेत वंश विचारत नाही. त्यामागे नाझी काळात ज्यूंच्या याद्या कशा वापरल्या गेल्या त्याची आठवण आहे, तिचा आदर करायला हवा. पण २०१७ मध्ये फ्रान्सच्या नागरी हक्क रक्षक संस्थेने सर्वेक्षण केलं, तेव्हा अरब किंवा कृष्णवर्णीय दिसणाऱ्या तरुणांना पोलिसांनी थांबवण्याची शक्यता इतरांच्या २० पट आढळली. कागदावर नसलेला रंग पोलिसाला रस्त्यावर दिसतच होता.

नेदरलँड्सचं प्रकरण मला सर्वांत अस्वस्थ करतं. पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक शोधण्यासाठी कर खात्याने संगणकीय निकष वापरले, त्यात ‘डच नागरिक आहे का’ हा एक निकष होता. दुहेरी नागरिकत्व असलेल्या कुटुंबांकडे जास्त बारकाईने पाहिलं गेलं. अर्जातली एखादी सही राहिली तरी हजारो युरो परत मागितले गेले. कित्येक घरं विकली, संसार मोडले, हजाराहून अधिक मुलं आईवडिलांपासून काढून घेतली गेली. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मे २०२२ मध्ये सरकारने कबूल केलं, की कर खात्यात संस्थात्मक वंशभेद होता.

तुमचं उत्तर ‘आहे’ की ‘नाही’?

आहे. सगळीकडे नाही, सारखा नाही, आणि प्रत्येक तफावतीचं कारण तोच नाही. ‘अमेरिका वंशवादी आहे का?’ या प्रश्नावर मी वाद घालत नाही. कोणता नियम, कोणतं खातं, कोणतं यंत्र, हे समोर ठेवलं की बोलता येतं.

अमेरिकेत भारतीय सर्वांत श्रीमंत. मग व्यवस्था आपल्याला का अडवत नाही?

तिने अडवलं होतं. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं, की ते ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचंही ते काढून घेण्यात आलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० भारतीयांसाठी. खरं दार उघडलं १९६५च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्याने शिकलेल्यांना निवडून घेतलं. आपल्या ओळखीचे जे डॉक्टर, इंजिनिअर तिकडे गेले, ते भारताचे प्रातिनिधिक नमुने नव्हेत. त्यांच्या यशाची तुलना गुलामीत आणलेल्यांच्या वंशजांशी करणं अन्यायाचं आहे. आणि नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचं मन वळवलं नसतं, तर तो कायदा झाला असता का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नावच तिकडून घेतलं. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर झालं. ठराव मांडला होता पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक राज्यपालांनी परत पाठवलं. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असं त्यांचं म्हणणं. तिकडच्या आपल्या माणसांत यावरून उभी फूट पडली. आडनाव विचारून मग भाड्याने घर देणारा समाज आपण जवळून पाहिला आहे. तिथे ‘पद्धत आहे’ असं म्हणणारा घरमालक बहुधा शांत, सभ्य माणूस असतो. द्वेषाशिवाय भेद चालतो कसा, हे शिकायला आपल्याला मिनिआपोलिसला जावं लागत नाही.

आज कायदा कुठे उभा आहे?

२९ जून २०२३ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज प्रवेशांत वंशाचा विचार करणं बंद केलं. हार्वर्डच्या त्या खटल्यात आशियाई मुलांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण सरासरीने कमी मिळतात, हा आकडा पुढे आला होता. कनिष्ठ न्यायालयाला त्यात हेतू सापडला नव्हता. तरी अनेक आशियाई पालकांना अन्याय झाल्याची खात्री होती, आणि मला त्यांचं दुःख समजतं. हेतूविना, आकड्यांवरून अन्याय ओळखण्याची हीच तर पद्धत.

२३ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, की परिणामांवरून भेदभाव ठरवण्याच्या कसोटीचा पाठपुरावा संघीय खात्यांनी शक्य तिथे सोडून द्यावा. विली ग्रिग्स जिंकला ती हीच कसोटी. १९९१ मध्ये अमेरिकी संसदेने ती रोजगाराच्या कायद्यात लिहून ठेवली असल्याने आदेशाने ती पुसली जात नाही. कामगार स्वतः वकील करून आजही कोर्टात जाऊ शकतो. फक्त कंपनीचे आकडे मागवून, ते मांडून दाखवण्याचा खर्च आता त्याला स्वतःलाच करावा लागेल.